निराधारचं अनुदान बंद झालं, डायरेक्ट हायकोर्टात रिट टाकावं का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत लिहितो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. आई विधवा, वय ५८, संजय गांधी निराधारचे पैसे सहा वर्षं सुरळीत येत होते, सात महिन्यांपूर्वी अचानक थांबले. तहसीलला गेलात तेव्हा टेबलावरच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये बघून "उत्पन्न जास्त आहे, नाव कमी झालंय" एवढंच सांगितलं, कागद काही दिला नाही. तुम्ही नोकरीनिमित्त बाहेर राहता, रेशनकार्ड वेगळं आहे, आणि तुमचा पगार आईच्या नावावर मोजला असावा असा तुमचा अंदाज आहे. ओळखीचे एक वकील म्हणाले की थेट हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका, टाकू, कोर्ट एका तारखेत पैसे चालू करायला लावेल. तर टाकावं का, आणि टाकलं तर आईला कोर्टात यावं लागेल का.

मी बरीच वर्षं हायकोर्टात याच प्रकारच्या मॅटर करतोय, पेन्शन, अनुदान, घरकुल, शिष्यवृत्ती, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, तुमचा खरा प्रश्न "हायकोर्टात जाऊ का" हा नाहीये. हायकोर्टात नेण्यासारखं तुमच्या हातात आज काय आहे, हा आहे. आणि आजच्या घडीला, राग मानू नका, पण काहीच नाही. टेबलावरच्या माणसाचं एक वाक्य आहे. मी नवीन होतो तेव्हा पिटिशनमध्ये पानंच्या पानं अशिलाची गरिबी लिहायचो, घर पत्र्याचं, औषधाला पैसे नाहीत, अगदी वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं असं. एकदा न्यायमूर्तींनी ते सगळं बाजूला ठेवून एकच विचारलं, "इम्पग्न्ड ऑर्डर कुठल्या पानावर आहे?" म्हणजे ज्या आदेशाविरुद्ध आलात तो आदेश दाखवा. माझ्याकडे नव्हता. त्या दिवशी कळलं की या कोर्टात दुःख दाखवून भागत नाही, निर्णय दाखवावा लागतो.

कारण हायकोर्ट राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट ऐकतं तेव्हा ते तहसीलदाराच्या खुर्चीत जाऊन बसत नाही. तुमची आई पात्र आहे की नाही हे कोर्ट पहिल्यापासून तपासत नाही, ते बघतं की ज्याने निर्णय घेतला त्याला तो अधिकार होता का, नियमाप्रमाणे घेतला का, समोरच्याला बोलायची संधी दिली का, काही कारण लिहिलंय का, आणि ते कारण कुठल्यातरी कागदावर उभं आहे का. उत्पन्न १९ हजार की ३० हजार, मुलगा पैसे पाठवतो की नाही, यावर साक्षीपुरावे घेत बसायचं काम रिटमध्ये होत नाही. समोरचा सरकारी वकील उभा राहून "धिस इज अ डिस्प्युटेड क्वेश्चन ऑफ फॅक्ट", म्हणजे वस्तुस्थितीबद्दलच वाद आहे, एवढं म्हणाला की निम्मी हवा जाते, म्हणून आपली बाजू अशी मांडायची असते की वाद आकड्याचा न राहता पद्धतीचा होईल.

आता तुमच्या केसमध्ये काय कशावर अवलंबून आहे ते बघू.

सगळ्यात आधी हे शोधा की हा निर्णय आहे तरी का. हे विचित्र वाटेल, पण "बंद झालं" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांच्या बाबतीत नाव कमी झालेलंच नसतं. पैसे आता डीबीटीने आधार जोडलेल्या खात्यात येतात, आधार दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं असतं, किंवा हयातीचा दाखला दिलेला नसतो, किंवा नावाच्या स्पेलिंगमुळे पडताळणी अडकलेली असते. याला कोर्ट लागत नाही, बँकेत एक चक्कर आणि तहसीलच्या संजय गांधी शाखेत एक चक्कर लागते. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, त्यांना पडताळणीत मयत दाखवलं होतं. तिथे मात्र पिटिशन केलं, कारण चार महिने अर्ज देऊनही कोणी हलत नव्हतं, आणि सरकारी वकिलांनी ऑफिसकडून माहिती मागवली तेव्हाच चूक लक्षात आली, दुसऱ्या तारखेच्या आत पैसे जमा. त्या केसमध्ये कोर्टाने काही ठरवलंच नाही. नोटीस गेली म्हणून फाईल हलली एवढंच. असंही होतं, पण त्याच्या भरवशावर केस टाकायची नसते.

समजा खरंच नाव कमी केलंय. मग दुसरा प्रश्न, कुठल्या कारणाने. योजनेची उत्पन्नाची अट सर्वसाधारणपणे कुटुंबाचं वार्षिक २१ हजार अशी आहे, म्हणजे महिन्याला १७५० रुपये, यात कोण जगतं असं तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. पण तो धोरणाचा प्रश्न आहे, आणि मर्यादा किती ठेवावी यात कोर्ट सहसा हात घालत नाही. २१ हजार अन्यायकारक आहे असं म्हणत गेलात तर हराल. २१ हजाराची अट आईला लावताना चुकीची माणसं, चुकीचं उत्पन्न मोजलं आणि आईला विचारलंही नाही, असं म्हणत गेलात तर ऐकून घेतील. गाऱ्हाणं एकच, मांडणी वेगळी.

मग "कुटुंब" म्हणजे कोण हा इथला कळीचा शब्द होतो. मुलांचं वय, त्यांची कमाई, ती आईसोबत राहतात की नाही याबाबत योजनेच्या जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, वेळोवेळी बदल झालेत, त्यामुळे आईचं नाव मंजूर झालं तेव्हाचा जीआर आणि बंद झालं तेव्हाचा जीआर असे दोन्ही काढून शेजारी ठेवून वाचा. महाराष्ट्र शासनाच्या वेबसाइटवर सामाजिक न्याय विभागाखाली मिळतात. मी हे काम ज्युनियरवर सोडत नाही, स्वतः वाचतो, कारण अर्ध्या केसेस त्या एका परिच्छेदात जिंकल्या किंवा हरल्या जातात. आणि इथे मला तुम्हाला एक अवघड गोष्ट विचारायचीय, तुम्ही खरोखर वेगळे राहता की फक्त रेशनकार्ड वेगळं केलंय? मला उत्तर देऊ नका, स्वतःला द्या. जर आईच्या खात्यात दर महिन्याला तुमचे १० हजार जात असतील तर ते लपवून पिटिशन करू नका. एका गृहस्थांनी मला सांगितलं नव्हतं की त्यांना दुसरीकडून पेन्शन येते, सरकारच्या उत्तरात ते बँक स्टेटमेंटसकट आलं, आणि मुद्दा कितीही चांगला असला तरी माहिती लपवली या एका कारणावर पिटिशन गेलं, वर खर्च बसला. असली गोष्ट आपणच पहिल्या पाच पानांत लिहून टाकायची आणि मग नियमाप्रमाणे ती का मोजू नये ते सांगायचं.

आता मुख्य काम, कागद. उद्या तहसीलला जा आणि साधा अर्ज द्या, आईच्या सहीने, की माझं अनुदान अमुक महिन्यापासून मिळालेलं नाही, बंद केलं असल्यास त्या आदेशाची प्रत आणि कारण लेखी द्या, माझं म्हणणं मांडायला संधी द्या आणि अनुदान चालू करा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्याची एक प्रत उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांनाही द्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तो टोकन नंबर मिळाला तर तोही फाईलला लावतो मी.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. काय मागायचं ते नेमकं लिहा. आईच्या नावाची मूळ मंजुरीची फाईल, नाव कमी करण्याची टिपणी, तालुका समितीच्या ज्या बैठकीत हे ठरलं तिचं इतिवृत्त, तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) चौकशी अहवाल, आणि नाव कमी करण्यापूर्वी आईला नोटीस दिली असल्यास तिची प्रत आणि बजावणीची पोच. "का बंद केलं" असा प्रश्न विचारू नका, माहिती अधिकारात "का" हा प्रश्न चालत नाही, कागद मागायचा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

यात एक गंमत आहे. लोकांना वाटतं की कागद मिळाले तरच फायदा. उलट आहे. "सदर नोटीस अभिलेखात आढळून येत नाही" असं सहीशिक्क्याचं उत्तर आलं की समजा तुमची केस तयार झाली, कारण मग पुढे ॲफिडेव्हिटमध्ये "आम्ही नोटीस दिली होती" म्हणायला जागाच राहत नाही. म्हणूनच हा अर्ज आधी टाकायचा, वकिलाची कडक नोटीस नंतर. नोटीस आधी गेली की फाईलमध्ये कागद वाढायला लागतात, असा माझा अनुभव आहे, जास्त बोलत नाही.

नोटीस नसण्याला एवढं महत्त्व का, तर ज्या सरकारी निर्णयाने माणसाचं काही हिरावलं जातं तो घेण्याआधी त्याला ऐकलं पाहिजे, निर्णय प्रशासकीय असला तरी, हे सुप्रीम कोर्टाने १९६७ साली बिनापाणी देईच्या केसमध्ये सांगितलंय. ती एक सरकारी डॉक्टर होती, तिची जन्मतारीख सरकारने परस्पर बदलून तिला लवकर रिटायर केलं होतं. चालू असलेलं अनुदान काढून घेणं आणि नवीन अर्ज नाकारणं यात म्हणूनच फरक पडतो, तुमच्या आईंना सहा वर्षं मिळत होतं, म्हणजे काढून घेतलंय, तुमची बाजू नव्या अर्जदारापेक्षा भक्कम आहे. दुसरी केस मोहिंदरसिंग गिल, १९७८ ची. आदेशात जे कारण लिहिलंय त्यावरच तो आदेश उभा राहिला पाहिजे, नंतर कोर्टात ॲफिडेव्हिट करून नवीन कारणं जोडता येत नाहीत. आदेशात "उत्पन्न जास्त" लिहिलं असेल तर उद्या "हयातीचा दाखला पण नव्हता" असं म्हणता येणार नाही. आणि आदेशात कारणच नसेल तर मग बघायलाच नको.

पण याची दुसरी बाजू वकील लोक सांगत नाहीत ती मी सांगतो. १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल सगळ्यांना माहितीय, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे तिथे ठरलं, आजही आम्ही प्रत्येक पिटिशनमध्ये तो टाकतो. पण त्या लोकांना फुटपाथवर राहायचा हक्क मिळाला नाही, मुदत मिळाली आणि काहींना पर्यायी जागेबद्दल निर्देश मिळाले. पद्धतीच्या मुद्द्यावर जिंकलं की हातात मिळतं ते असंच असतं. तुमच्या केसमध्ये सगळ्यात शक्य असलेला निकाल म्हणजे बंद केल्याचा आदेश रद्द, आईला सुनावणी देऊन अमुक आठवड्यांत सकारण निर्णय घ्या असा आहे. म्हणजे फाईल परत त्याच तहसीलला. तिथे ते सुनावणी देऊन, नीट कारण लिहून, परत नाही म्हणू शकतात. माझ्या एका अशिलाचं असंच झालं, कोर्टात आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो आणि तीन महिन्यांनी चार पानांचा व्यवस्थित नकार आला, त्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. त्यामुळे "कोर्ट एका तारखेत पैसे चालू करायला लावेल" हे वाक्य मी तरी कुणाला बोलणार नाही.

म्हणून प्रार्थना, म्हणजे प्रेयर, लिहिताना दोन पायऱ्या ठेवायच्या. आधी मागायचं की आदेश रद्द करा, अनुदान बंद झालं त्या महिन्यापासून थकबाकीसह चालू करा. आणि ते नाही तर निदान ठरावीक मुदतीत सुनावणी देऊन निर्णय घ्या, तोवर अनुदान चालू ठेवा. फक्त "न्याय द्यावा" लिहिलेली पिटिशनं मी पाहिलीत, त्यावर कोर्टाने काय लिहावं बिचाऱ्याने.

"आधी खालच्या पायऱ्या संपवा" हे ऐकावं लागेल का? हो, पर्यायी उपाय असताना थेट आलात तर कोर्ट परत पाठवू शकतं. सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या व्हर्लपूल कॉर्पोरेशन निकालात अपवाद दिलेत, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल, म्हणजे समोरच्याला न ऐकता निर्णय घेतला असेल, मूलभूत हक्काचा प्रश्न असेल किंवा अधिकारच नसताना आदेश दिला असेल तर पर्यायी उपाय आडवा येत नाही. तुम्ही पहिल्या अपवादात बसू शकता. तरीपण मी आधी अर्ज करायलाच लावतो, कारण दोन महिन्यांचा खर्च काही नाही आणि कोर्टात "आम्ही यांच्याकडे गेलो होतो, हे बघा चार शिक्के" म्हणता येतं. जाताजाता, ज्यांचा वाद राज्य सरकारी नोकरीतल्या पेन्शनचा किंवा फॅमिली पेन्शनचा आहे त्यांनी हे वाचून हायकोर्टात पळू नका, तुमचं पहिलं दार मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे, १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून हे पक्कं आहे, आणि तिथे मुदत साधारण एक वर्षाची असते.

रिटला अशी ठरलेली मुदत नाही, पण त्याचा अर्थ निवांत बसा असा नाही. अर्जावर अर्ज करत पाच वर्षं काढली आणि शेवटच्या अर्जाला उत्तर आलं म्हणून नव्याने मुदत सुरू होते असं काही लोकांना वाटतं, सी. जेकबच्या केसमध्ये २००८ ला सुप्रीम कोर्टाने हे साफ नाकारलंय. दर महिन्याला मिळणाऱ्या पैशाच्या बाबतीत थोडी सवलत आहे, दर महिन्याला न मिळणं हा नवा अन्याय धरला जातो, पण थकबाकी बहुतेक वेळा पिटिशनच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हे सुप्रीम कोर्टाने तर्सेमसिंगच्या केसमध्ये सांगितलंय, तेही २००८ चंच, सैन्यातल्या अपंगत्व पेन्शनचं प्रकरण होतं. तुमचे सातच महिने झालेत, घाई नाही, पण माहिती अधिकाराचं उत्तर आलं की पुढे ढकलू नका.

पैशाचं बोलू. १५०० रुपये महिना धरला तर सात महिन्यांचे साडेदहा हजार होतात, खाजगी वकिलाची फी त्याच्या पुढे जाईल हे उघड आहे. म्हणून खाजगी वकील करूच नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अर्ज आईच्या नावाने, हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे, किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या समितीकडे द्या, ते पुढे पाठवतात, हेल्पलाइन १५१०० आहे. पॅनलवरचे वकील कामाचे नसतात असं लोक म्हणतात, मी स्वतः पॅनलवर होतो त्यामुळे मला ते लागतं जरा, पण खरं सांगायचं तर तुम्ही फाईल तारीखवार लावून, पानांना नंबर घालून, पुसट झेरॉक्स टाइप करून दिलीत तर कुठलाही वकील चांगलं काम करतो. एका पानावर तारखा आणि घटना मराठीतच लिहून द्या, इंग्रजी करायचं काम आमचं.

कुठल्या बेंचला, ते जिल्ह्यावर ठरतं. विदर्भ नागपूरला, मराठवाडा औरंगाबाद खंडपीठाला, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार, नगर हे पण तिकडेच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मुंबईचं तिकीट काढून बसतात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, तिथे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पिटिशन टाकल्यावर आधी स्टॅम्प नंबर मिळतो, ऑफिसचे ऑब्जेक्शन निघतात, ते काढले की रजिस्टर नंबर. हे ऑब्जेक्शन पडून राहून कित्येक मॅटर बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येतच नाहीत आणि अशील म्हणतो कोर्ट तारीख देत नाही. सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ऑनलाइन ओळख क्रमांक, मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर स्वतः बघत जा.

निकाल लागला की त्याची सर्टिफाइड प्रत घेऊन पोच घेऊन तहसीलला द्या, त्यातली मुदत त्या दिवसापासून मोजायची की निकालापासून ते आदेशात लिहिलेलं असतं, नीट वाचा. मुदत संपली आणि काही झालं नाही तर अवमान याचिका, पण ती एका वर्षाच्या आत. हे एक वर्ष मी लोकांना चुकवताना पाहिलंय, साहेब बदलले, निवडणूक लागली, पुढच्या महिन्यात करतो म्हणाले, असं करत करत हातातला निकाल कागदच राहतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आईला यावं लागेल का. नाही. रिटमध्ये साक्ष होत नाही, उलटतपासणी होत नाही. आईंनी एकदा वकालतनाम्यावर आणि ॲफिडेव्हिटवर सही किंवा अंगठा द्यायचा, आधार कार्ड सोबत ठेवायचं. पण सही करण्याआधी पिटिशन त्यांना मराठीत वाचून दाखवा आणि मधे मधे थांबून विचारा की हे खरं आहे ना. मागे एकदा अशा वाचनात एका मावशींनीच सांगितलं होतं की "अरे, नोटीस आली होती की, मीच चुलीजवळ ठेवली होती," आणि आम्ही पूर्ण पिटिशन नव्याने लिहिलं.